जीपची चिकित्सक आवृत्ती

जुन्या गाड्यांचा जीर्णोद्धार करणाऱ्यांच्या जगात 'कारखान्यातून निघाली तशी' ही सर्वात मोठी प्रशस्ती आहे. एखादी ऐंशी वर्षांची जीप पाहून जाणकाराने हे तीन शब्द उच्चारले की मालकाची पाच-सात वर्षांची धावाधाव सार्थकी लागते. पण कारखान्यातून निघाली तशी म्हणजे कशी? कोणत्या कारखान्यातून, कोणत्या महिन्यात, आणि हे ठरवायला पुरावा कोणता? वाङ्मयाच्या वाचकाला हा विषय परका वाटेल. मला तो तसा वाटला नाही, कारण माझ्या उमेदीची वर्षे पोथ्यांचे पाठ ताडून पाहण्यात गेली आहेत. मूळ संहिता, प्रतींच्या शाखा, पाठभेद, प्रक्षेप, शुद्धीकरण हे आमच्या धंद्यातले शब्द. जीपवाल्यांचे बोलणे मी जसजसे ऐकत गेलो तसतसे हे सगळे शब्द त्यांनाही लागतात, फक्त ते वापरत नाहीत, असे माझ्या ध्यानात आले. शब्द नसल्यामुळे विचारही अर्धवट राहिला आहे, आणि त्या अर्धवट विचारापायी बरेच काही खरवडून टाकले जात आहे, असे माझे मत आहे.

ज्या गाडीचा हा सारा खटाटोप चालतो ती बहुतेक वेळा दुसऱ्या महायुद्धातली जीप असते. तिच्या जन्मापासूनच सुरुवात करू, कारण 'मूळ' या कल्पनेला पहिला तडा तिथेच जातो. जुलै १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने हलक्या टेहळणी गाडीसाठी १३५ कंपन्यांना विचारणा केली. अट अशी, की पहिला नमुना ४९ दिवसांत हवा. ही अट पाळली ती अमेरिकन बँटम या डबघाईला आलेल्या छोट्या कंपनीने. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आराखडा केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी मेरीलँडमधल्या हॉलाबर्डच्या लष्करी तळावर पोहोचली. लष्कराने मग बँटमचे आराखडे विलिस आणि फोर्ड यांना पाहू दिले. तिघांनी आपापल्या आवृत्त्या काढल्या. शेवटी विलिसचे दणकट इंजिन असलेला नमुना पसंत पडला, त्यात इतर दोघांच्या चांगल्या कल्पना मिसळल्या गेल्या, आणि १९४१ मध्ये विलिस एमबी सिद्ध झाली. विलिसला एकटीला मागणी पुरी करता येईना, म्हणून त्याच वर्षी फोर्डलाही तीच गाडी बनवण्याचे कंत्राट दिले गेले. फोर्डच्या प्रतीचे नाव जीपीडब्ल्यू. त्यातला शेवटचा 'डब्ल्यू' विलिसच्या इंजिनाची आठवण ठेवतो. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सुमारे साडेसहा लाख गाड्या बाहेर काढल्या. बँटमच्या वाट्याला उरली ती मुख्यतः मालवाहू ट्रेलरची कामे.

म्हणजे एकाचा आराखडा, दुसऱ्याचे इंजिन, तिसऱ्याची उत्पादनाची हातोटी, आणि संपादक म्हणून लष्कर. व्यासाला लेखक मानावे की संकलक, हा वाद आपल्याला नवा नाही.

आता पाठभेद पाहू. विलिसच्या सुरुवातीच्या सुमारे पंचवीस हजार गाड्यांची पुढची जाळी लोखंडी पट्ट्या एकेक वितळजोड करून बनवलेली होती. फोर्डने त्याऐवजी एकाच पत्र्यातून दाबून काढलेली, नऊ उभ्या फटींची जाळी बसवली. ती हलकी आणि स्वस्त होती. १९४२ मध्ये विलिसने तीच उचलली. सुरुवातीच्या गाड्यांच्या मागच्या पत्र्यावर 'विलिस' किंवा 'फोर्ड' अशी उठावाची अक्षरे असत; लष्कराने १९४२ मध्ये ती बंद करायला लावली. फोर्डने यावर तोड काढली. आपल्या कारखान्यात बनलेल्या बोल्टांच्या डोक्यावरसुद्धा 'एफ' हे अक्षर ठोकायची त्यांची पद्धत होती, ती चालूच राहिली. नाव गेले, बोल्ट राहिले. चॅसिसची पुढची आडवी तुळई विलिसमध्ये नळीसारखी गोल, तर फोर्डमध्ये चौकोनी. पहिल्या गाड्यांना डॅशबोर्डात कप्पा नव्हता. तो नंतर आला. मागे जेरीकॅन ठेवायची चौकट नंतर आली. युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात तर दोन्ही कंपन्यांना बॉडी एकाच पुरवठादाराकडून येऊ लागली, आणि त्या बॉडीत दोन्ही घराण्यांच्या खुणा एकत्र झाल्या. इंग्रजीत तिला संमिश्र बॉडी म्हणतात. आमच्याकडे अशा पोथीला संकीर्ण शाखेची प्रत म्हणतात, आणि पाठचिकित्सक तिच्यापासून जपून राहतो.

क्रमांकांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. फोर्डने चॅसिसच्या लोखंडावरच क्रमांक ठोकला आणि इंजिनावरही तोच ठोकला. विलिसने चॅसिसला क्रमांकाची पट्टी रिबिटांनी बसवली, आणि तिच्या इंजिनाचा क्रमांक वेगळाच असे. म्हणजे 'क्रमांक जुळणारी गाडी' हा संग्राहकांचा लाडका निकष फोर्डलाच धड लागू पडतो. विलिसची ओळख दोन रिबिटांवर लटकलेली. पट्टी गेली की गाडी निनावी. शिवाय अशा पट्ट्या आज नव्या बनवून मिळतात, हव्या त्या तारखेसह.

तर मूळ म्हणायचे कशाला? जीर्णोद्धारवाल्यांचे उत्तर ठरलेले आहे : गाडीची कारखान्यातून सुटण्याची तारीख शोधा, त्या महिन्यात कोणते भाग बसत होते त्याची सारणी पाहा, आणि तसे करा. ही पद्धत मी कमी लेखत नाही. जगभरच्या हौशी मंडळींनी हजारो गाड्यांचे क्रमांक आणि बारकावे जुळवून जे ज्ञान उभे केले आहे, ते आमच्या विद्यापीठांतल्या कित्येक प्रबंधांपेक्षा काटेकोर आहे. पण त्या पद्धतीत एक गृहीत दडलेले आहे. कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडल्याच्या क्षणी गाडी पूर्ण झाली आणि त्यानंतर तिच्यात जे झाले ते सगळे अपभ्रष्ट, असे ते गृहीत. लष्कराला हे कधीच मान्य झाले नसते. लष्करी डेपोत जीपा सोलून पुन्हा बांधल्या जात. विलिसच्या चॅसिसवर फोर्डचे इंजिन, फोर्डच्या बॉडीवर विलिसचे बोनेट. सुटे भाग एकमेकांत बसावेत हीच तर मूळ कल्पना होती. युद्ध पाहिलेली जीप आणि 'कारखान्यातून निघाली तशी' जीप, या दोन गोष्टी एकाच गाडीत नांदणे कठीण. अमेरिकेतल्या लष्करी वाहन जतन संघटनेने स्पर्धांच्या परीक्षणात कारखान्याच्या अवस्थेचा एक वर्ग आणि पलटणीच्या वापरातल्या अवस्थेचा दुसरा वर्ग ठेवला आहे. हा शहाणपणा मला मोलाचा वाटतो. आपल्याकडे त्यांपैकी पहिला वर्गच तेवढा आला.

आणखी एक विकृती आहे, तिला मी अतिशुद्धीकरण म्हणतो. युद्धकाळात घाईने बनलेल्या गाडीचा रंग आरशासारखा नव्हता. तो मुद्दाम निस्तेज ठेवलेला हिरवट खाकी होता. फवारा कुठे जाड, कुठे पातळ. सांध्यांवर वितळजोडाचे थेंब तसेच. आजची जीर्णोद्धारित जीप पाहा : लांबी भरून, सात कागदांनी घासून, पत्रा असा सपाट की हात फिरवावा. पाठचिकित्सेत एक जुना नियम आहे, की दोन पाठांपैकी अवघड, खडबडीत पाठ बहुधा जुना असतो, कारण लेखनिक नेहमी सोपे आणि गुळगुळीत करत जातो. आपले पेंटर हे फार उत्तम लेखनिक आहेत.

इथवरची गोष्ट अमेरिकेची. आपल्याकडे जीप दोन वाटांनी आली, आणि त्या दोन वाटांचा घोळ आजही निस्तरलेला नाही. पहिली वाट युद्धाची : लष्करी सामानातून, लिलावांतून, डिस्पोजलमधून आलेल्या एमबी आणि जीपीडब्ल्यू. यांचे स्टिअरिंग डावीकडे. दुसरी वाट मुंबईच्या माझगावची. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र अँड महंमद या कंपनीतले मलिक गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीच्या नावाचा पाठ बदलून महिंद्र अँड महिंद्र झाला. या कंपनीने विलिसचे सुटे भाग आणून माझगावात मुलकी जीपा जुळवायला सुरुवात केली. पुढे सीजे-३बी हे उंच बोनेटचे रूप इथे स्थिरावले. झडपांची मांडणी बदललेले नवे इंजिन उंच होते म्हणून बोनेट उंच झाले, एवढे साधे कारण. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये बंद पडले. आपल्याकडे त्याचा वंश त्यानंतर कित्येक दशके चालला. दरवर्षी आयात भाग कमी होत गेले, देशी भाग वाढत गेले. या जीपेची 'मूळ कारखाना अवस्था' ओहायोतल्या टोलेडोची धरायची, की माझगावची, की कांदिवलीची? पहिल्या खोक्याची की शेवटच्या देशी बोल्टाची?

हा प्रश्न निव्वळ विद्वानांचा नाही, हे अलीकडे अमेरिकेतच सिद्ध झाले. महिंद्रने जुन्या जीपेच्या वळणाची रॉक्सर नावाची, रस्त्याबाहेर चालवायची गाडी तिथे विकायला काढली. २०१८ मध्ये जीपची तेव्हाची मालक असलेली फियाट क्रायस्लर कंपनी अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे गेली : सपाट उभ्या बाजू, चपटे बोनेट, उभ्या फटींची जाळी हे आमचे रूप आहे, त्याची नक्कल झाली आहे. महिंद्रने जुन्या परवान्यांचा आधार घेतला. जून २०२० मध्ये आयोगाने रॉक्सरच्या त्या रूपावर बंदी घातली. त्याच वर्षअखेर, चेहरा बदललेल्या रॉक्सरला हरकत नाही असे ठरले. यातली गंमत जाळीत आहे. जीपच्या चेहऱ्याची सही मानली जाणारी ती उभ्या फटींची दाबीव जाळी मुळात फोर्डने आणली होती, आणि फोर्ड या खटल्यात कुठेच नव्हती. असो.

आपल्याकडच्या उंच बोनेटच्या जीपांचे आज काय होते? बऱ्याचशा खाकी रंगवून, बोनेटवर पांढरा तारा काढून 'दुसऱ्या महायुद्धातल्या' केल्या जातात. काही जण बोनेटही कापून खाली आणतात. उजव्या हाताचे स्टिअरिंग, उंच काच, आणि वर अमेरिकी सैन्याचा तारा. सिनेमाला आणि लग्नाच्या वरातीला हे चालते. पण याला मूळ अवस्था म्हणणे म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या बखरीच्या शेवटी शिवकालीन शक घालण्यासारखे आहे. बनावट कागद ओळखण्याची विद्या राजवाड्यांनी महाराष्ट्राला शिकवली. ती पत्र्यालाही लावायला हरकत नसावी.

कायद्याने या गोंधळात आपली भर घातली आहे. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते, की उत्पादकाने मूळ ठरवून दिलेल्या आणि नोंदणीपत्रात असलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम कडकपणे वाचले. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच. पण जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी जे नियम निघाले, ते साहित्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावेत. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली, आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल धरून कोणताही मोठा फेरफार न झालेली गाडी व्हिंटेज ठरते. तिला 'व्हीए' अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात, नोंदणी दहा वर्षे चालते, आणि नेहमीच्या वा व्यापारी वापरासाठी ती रस्त्यावर आणता येत नाही. आता जीर्णोद्धार म्हणजे मोठा फेरफार नव्हे तर काय? बॉडी उचलून, चॅसिस वाळूच्या फवाऱ्याने साफ करून, इंजिनाला नव्या स्लीव्ह बसवून जी गाडी 'मूळ' झाली, ती नियमाच्या शब्दांत बसत नाही. आणि जी खरोखर सोललेली नाही ती बहुधा इतकी बदललेली असते की तीही बसत नाही. नियम लिहिणाऱ्यापुढे कोणाच्या तरी गॅरेजात कापडाखाली झोपलेली राजेशाही मोटार असावी. राबलेली जीप त्याच्या डोळ्यांपुढे नव्हती.

राबलेल्या जीपेकडे आता वळतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये अशी एक जीप मी दोन-तीन महिने, अधूनमधून जाऊन, सोलली जाताना पाहिली. चॅसिसची पुढची तुळई चौकोनी, डावीकडच्या पट्टीवर ठोकलेला क्रमांक शाबूत. म्हणजे फोर्डची, निर्विवाद. इंजिन मात्र डिझेलचे. पेट्रोल महागल्यावर गावोगावच्या जीपांनी जे केले तेच हिनेही केले होते, आणि पुढे महिंद्रनेही प्यूजोच्या परवान्याचे डिझेल इंजिन घेऊन कारखान्यातच ते केले. स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे आणलेले. चॅसिस मागे दीड फूट जोडून लांबवलेली. मूळ जीपेला मागे उघडणारा फाळका नसतो. हिचा मागचा पत्रा कापून फाळका केला होता. दोन्ही बाजूंना समोरासमोर बाकडी, वर लोखंडी टप, टपावर सामानाची जाळी, आणि मागे उभे राहणाऱ्यांसाठी एक जादा पायरी. सातारा-सांगली-कोल्हापूरच्या वाचकाला आणखी सांगायला नको. ही वडापची जीप होती.

रंग घासताना थर निघत गेले. सर्वांत वर काळा, टपाकडे पिवळा पट्टा. त्याखाली मळकट पांढरा. त्याखाली कुठल्या तरी संस्थेच्या गाडीचा निळा, त्यावर पुसट झालेली देवनागरी अक्षरे, त्यांतले 'सहकारी' एवढेच लागले. तळाला खाकी. फाळक्यावर 'जोतिबा प्रसन्न' तीनदा रंगवलेले होते, दर वेळी वेगळ्या वळणाच्या अक्षरांत. पोथीतले हस्ताक्षर बदलले की लेखनिक बदलला असे आम्ही धरतो. इथे तीन पेंटर होते, आणि बहुधा तीन मालक.

आत्ताचे मालक सुशिक्षित, हौशी आणि सढळ हाताचे गृहस्थ. त्यांना १९४३ ची जीपीडब्ल्यू हवी होती. जुनी बॉडी दुरुस्त करण्यापलीकडे गेली आहे असे ठरले आणि फिलिपीन्समध्ये आजही बनणारी नवी बॉडी मागवायचे निश्चित झाले. इंजिन दुसऱ्या राज्यातून येणार होते. 'एफ' अक्षराचे बोल्ट परदेशातून, तेही बरेचसे नव्याने घडवलेले. मी मिस्त्रींना विचारले, यात जुने काय राहणार? हातातला पाना खाली न ठेवता ते म्हणाले, "सर, पत्रा नवा, इंजिन भायेरचं, बोल्ट अमेरिकेचं. आता ऱ्हातंय काय? नंबर तेवढा ऱ्हातोय. मालक म्हणत्यात वरिजनल, तर वरिजनल."

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकरांनी त्याची धुरा वाहिली, त्यांच्या निधनानंतर इतरांनी, आणि १९६६ मध्ये ते पुरे झाले. १२५९ हस्तलिखिते त्यासाठी तपासली गेली. या संपादनाने कितीतरी लोकप्रिय भाग संहितेतून बाहेर काढले. गणपती लेखनिक झाल्याची कथासुद्धा परिशिष्टात गेली. लोक रागावले. परंतु सुखटणकरांनी दोन गोष्टी काटेकोरपणे सांभाळल्या होत्या. एक, आपण सिद्ध केलेली संहिता म्हणजे व्यासांचे मूळ महाभारत असा दावा त्यांनी केला नाही. हाती असलेली हस्तलिखिते जितके मागे नेतील तितके जुने रूप, एवढाच त्यांचा दावा होता. दोन, जे काढले ते फेकले नाही. प्रत्येक नाकारलेला पाठ तळटीपेत आहे, प्रत्येक प्रक्षेप परिशिष्टात आहे. संपादकाशी भांडायचे असेल तर भांडणाची सगळी सामग्री त्यानेच पानाच्या खालच्या अर्ध्या भागात देऊन ठेवली आहे. आणि ज्या नीलकंठ चतुर्धरांची, म्हणजे मूळच्या कोपरगावकर घराण्यातल्या पंडितांची प्रत उत्तर भारतभर वाचली जात होती, ती आजही वाचता येते. चिकित्सक आवृत्तीने तिला धक्का लावला नाही.

जीपचा जीर्णोद्धारक यापेक्षा कितीतरी अवघड जागी उभा आहे, आणि त्याला त्याची जाणीव नाही. त्याच्यापुढे एकच पोथी असते, आणि आपली चिकित्सक आवृत्ती त्याला त्याच पोथीच्या पानांवर, आधीचा मजकूर खरवडून, लिहायची असते. भांडारकर संस्थेत कोणी नीलकंठी प्रत पाण्यात बुडवून शाई धुतली असती आणि त्याच कागदावर शुद्ध संहिता उतरवली असती, तर आपण त्याला संपादक म्हटले नसते. त्या काळ्या-पिवळ्या थराखाली, त्या जादा पायरीत, त्या दीड फूट लांबवलेल्या चॅसिसमध्ये पश्चिम महाराष्ट्राच्या चाळीसेक वर्षांच्या वाहतुकीचा पुरावा होता. एस. टी. जिथे दिवसातून दोनदा जायची त्या वाडीतून बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला माणसे कशी गेली, याचे कागदपत्र फार थोडे आहेत. वडापची तिकिटे नव्हती. जे होते ते या लोखंडात होते. १९४३ च्या जीपीडब्ल्यू जगात हजारोंनी शिल्लक आहेत, कारखान्याच्या अवस्थेत उभ्या केलेल्याही पुष्कळ. वडापची जीप जतन केल्याचे मी कुठल्या संग्रहालयात पाहिलेले नाही.

याला उत्तर म्हणून मला सांगितले जाते, की गाडी म्हणजे काव्य नव्हे. ब्रेक झिजतात, वायरी कुजतात, पत्रा गंजून भोके पडतात. वडापच्या जोडकामावर चालवणे जिवावरचे असते. हे खरे आहे. ब्रेकचे लायनर, टायर, वायरिंग बदलण्याला कोणीच पाठभेद म्हणणार नाही. पोथीला नवे वेष्टन घालावे तसे ते आहे. मालकाने पैसे घातले नसते तर ही जीप भंगारात वजनावर गेली असती, हेही मी मान्य करतो. माझा वाद जीर्णोद्धाराशी नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले नसते तर आज आपल्या हाती काय असते कोण जाणे. पण एकनाथांनी काय काढले आणि काय ठेवले हे जाणून घ्यायची सोय राहिली नाही, आणि त्याची किंमत ज्ञानेश्वरीचे संपादक गेली शंभर-सव्वाशे वर्षे मोजत आहेत, हेही तितकेच खरे.

इमारतींच्या जीर्णोद्धाराचे शास्त्र या बाबतीत पुढे गेले आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्यूक म्हणत होता, की जीर्णोद्धार म्हणजे वास्तूला अशा पूर्णावस्थेत नेणे, जी कोणत्याही एका काळी प्रत्यक्षात कदाचित नव्हतीही. इंग्लंडात रस्किनने अशा सगळ्या प्रकाराला असत्य ठरवले. या दोन टोकांच्या मधून १९६४ ची व्हेनिसची सनद निघाली : जिथे अटकळ सुरू होते तिथे हात थांबवा, नव्याने घातलेला भाग जुन्यापासून ओळखू येऊ द्या, वेगवेगळ्या काळांतल्या भरींचा मान राखा, आणि केलेल्या कामाची नोंद लोकांना पाहता येईल अशी ठेवा. जुन्या मोटारींच्या जागतिक महासंघाची २०१३ ची तुरीन सनद याच वाटेने जाते. ब्रिटनमध्ये लँड रोव्हरने १९४८ च्या ॲम्स्टरडॅम प्रदर्शनात मांडलेल्या पहिल्या गाड्यांपैकी एक, वेल्समधल्या शेतात अनेक वर्षे पडून राहिलेली, २०१८ मध्ये दुरुस्तीला घेतली तेव्हा तिच्यावरचा जुना, उडालेला रंग शक्य तितका राखण्याचे कंपनीनेच जाहीर केले. कारखान्यालाच कारखान्याची अवस्था नकोशी झाली, असे म्हणायला हरकत नाही.

मराठी माणसाला तर हे समजायला युरोपात जायची गरज नाही. एखाद्या देवाच्या अंगावरचे शेंदराचे कवच गळून पडते, आत कोरीव मूर्ती दिसते, आणि गावात दोन तट पडतात. कोणी म्हणते आता मूळ रूप दिसले, पुन्हा शेंदूर नको. कोणी म्हणते आमच्या आजोबांनी पुजला तो देव शेंदरी होता. दोघांचेही बरोबर असते, म्हणून तर भांडण मिटत नाही. पण गळालेले कवच गाव उकिरड्यावर टाकत नाही. त्याचे विधिपूर्वक विसर्जन होते.

उद्यमनगरातल्या मालकांना मी एवढेच सुचवले, की खाकी रंग मारण्याआधी चॅसिसच्या आतल्या बाजूला वीतभर जागा न घासता सोडा, सगळे थर दिसतील अशी. जोडलेल्या दीड फुटाचे, पायरीचे, बाकड्यांचे फोटो आणि मापे काढून ठेवा. फिलिपीन्सच्या पत्र्यावर आतून कुठे तरी साल ठोका, म्हणजे पन्नास वर्षांनी कोणी फसणार नाही. आणि डॅशबोर्डातल्या कप्प्यात एक वही ठेवा : कोणता भाग कुठून आला, कोणता का काढला. मालकांनी ऐकून घेतले. वहीची कल्पना त्यांना आवडली, वीतभर जागेची नाही. परीक्षक गुण कापतील, म्हणाले. साल ठोकायचे मिस्त्रींनी स्वतःच्या अंगावर घेतले आणि पत्र्याशेजारी आपल्या नावाचे अक्षरही ठोकू का, असे विचारले. फोर्डने ठोकले होतेच, मग तुम्ही का नको, असे मी म्हणालो.

जीप आता खाकी झाली आहे आणि सुरेख दिसते. फाळका भंगारवाल्याने नेला. टप मात्र वर्कशॉपच्या मागे चार विटांवर उभा आहे, पिवळ्या पट्ट्यासकट, आणि पावसाळ्यात त्याखाली वेल्डिंगच्या कांड्या कोरड्या राहतात.